माग आणि चव्हाटा

बऱ्हाणपुराहून रावेरकडे जाणाऱ्या मोटारीतील उतारूंना एक लहानसा चमत्कार रोज पाहावयास मिळतो. आणि तो रोजचाच असल्यामुळे कोणी त्याला चमत्कार मानीत नाही. शहर मागे पडते, केळीच्या बागा दोन्ही अंगांना लागतात, आणि वाटेत कोठेतरी खिशातील फोन मध्यप्रदेश सोडून महाराष्ट्रात शिरतो. काही वर्षांपूर्वी या शिरकावाची वर्दी तत्काळ मिळत असे. फोन थरथरे, महाराष्ट्रात स्वागत करणारा संदेश येई, आणि त्या क्षणापासून बोलण्याचा आकार वाढे. केळीच्या व्यापाऱ्यांना हे पक्के ठाऊक होते; महत्त्वाचे बोलणे ते सरहद्दीच्या अलीकडेच उरकून घेत. पुढे रोमिंगचा तो जादा आकार गेला आणि लोक ही गोष्ट विसरले. परंतु आकार गेला म्हणून ओळख गेली, असे मात्र झाले नाही. फोन त्या वेळी सरहद्द ओळखत होता, तसा तो आजही ओळखतो.

ज्या उतारूने कोणाला काही सांगितले नाही, वाटेत कोणाशी बोलणेही केले नाही, तो आता अमुक जागी आला आहे हे कोणाला कसे कळले? प्रश्न शाळकरी मुलाने विचारावा इतका साधा आहे. मात्र त्याच्या उत्तरातून जो दुसरा प्रश्न निघतो, तो तितका साधा नाही. त्यावर देशाच्या सर्वोच्च न्यायालयाने साठ वर्षांच्या अवधीत तीन वेगवेगळी उत्तरे दिली, आणि त्यांतील मधले उत्तर मध्यप्रदेशातीलच एका माणसाच्या अर्जावर दिले.

प्रथम पहिल्या प्रश्नाचा उलगडा करू. फोन वापरात नसला, तरी सुरू असेपर्यंत तो स्वस्थ बसत नाही. जवळच्या टॉवरला तो आपली ओळख देत राहतो. तसे त्याने केले नाही, तर बऱ्हाणपुरातील माणसाला कोणी हाक मारली असता ती देशातील लाखो टॉवरांपैकी कोणत्या टॉवरवरून सोडावी, हे कंपनीला कळावे कसे? टपाल पोचवावयाचे तर पत्ता हवा. घराचा पत्ता एकदा सांगून भागते. फोनचा पत्ता मात्र पावलागणिक बदलतो, म्हणून तो पुनःपुन्हा सांगावा लागतो. येथवर गोष्ट केवळ सोयीची आहे. पण कंपनी हा पत्ता ऐकते आणि सोडून देते, असे नाही. कोणी कोणास केव्हा फोन केला, किती वेळ बोलणे झाले आणि त्या वेळी फोन कोणत्या टॉवरच्या टापूत होता, याची नोंद तिच्या दप्तरी राहते. आणि सरकारी परवान्याच्या अटीप्रमाणे ती सांभाळून ठेवावीच लागते. पूर्वी ही मुदत एक वर्षाची होती. डिसेंबर २०२१ मध्ये ती किमान दोन वर्षांची करण्यात आली.

टॉवरवरून मिळणारा ठावठिकाणा ढोबळ असतो, हेही येथे सांगितले पाहिजे. दाट वस्तीच्या शहरात तो काही शे मीटरांपर्यंत येतो. खेड्यापाड्यांत एकेका टॉवरचा टापू काही किलोमीटरांचा असतो. म्हणून अमुक माणसाचा फोन अमुक टॉवरखाली होता, यावरून तो माणूस अमुक घरात होता असे सिद्ध होत नाही. वर्तमानपत्रांतील गुन्ह्यांच्या बातम्यांत ‘मोबाईल लोकेशनवरून निष्पन्न झाले’ असे वाक्य आले की वाचकाने एवढा विवेक जागा ठेवावा.

याहून बारीक ठावठिकाणा मिळतो तो उपग्रहांकडून, आणि त्यांच्याविषयी फार मोठा गैरसमज आहे. आकाशातील उपग्रह खाली पाहतो व प्रत्येकाची जागा टिपतो, असे अनेकांना वाटते. वस्तुतः जीपीएसचा उपग्रह कोणाकडेही पाहत नाही. तो गावच्या घंटेसारखा आहे. ठरल्या वेळी ठोका द्यावा, इतकेच त्याचे काम. तो ठोका कोणी ऐकला हे घंटेला ठाऊक नसते. निदान चार उपग्रहांचे असे ठोके फोन ऐकतो, प्रत्येक ठोका पोचावयास किती वेळ लागला याचा हिशेब मांडतो, आणि त्यावरून काही मीटरांच्या अंतराने आपली जागा स्वतःच ठरवितो. त्या क्षणी ती जागा फक्त फोनला माहीत असते. मग फोनमधील नकाशा, भाड्याची गाडी बोलावणारे ॲप, हवामान सांगणारे ॲप, एखादा खेळ, अगदी साधी बॅटरीच्या उजेडाची सोय असे एक एक जण येऊन फोनकडे ती जागा मागतात. आणि मालकाने पूर्वी केव्हातरी न वाचताच ‘अनुमती आहे’ यावर बोट ठेवलेले असते. चोर आकाशातून येत नाही. दार आतून उघडले जाते.

आता तो दुसरा प्रश्न. रस्त्याने जाणाऱ्या माणसाचा ठावठिकाणा कोणी टिपला, तर त्यात बिघडले काय?

या प्रश्नाला व्यवहारी माणसाचे उत्तर ठरलेले आहे. तो म्हणेल, रस्ता सर्वांचा आहे. चौकातून जाणारा माणूस पानवाल्याला दिसतो, सायकलच्या दुकानदाराला दिसतो, गच्चीवर पापड वाळत घालणाऱ्या बाईला दिसतो. घरात काय चालते ते झाकलेले असावे हे ठीक. पण जो आपण होऊन चव्हाट्यावर आला, त्याने पडद्याची अपेक्षा कशाला धरावी? आपल्या भाषेतही एखादी गोष्ट चव्हाट्यावर आली, म्हणजे तिचे खाजगीपण संपले, असाच अर्थ होतो. शिवाय ज्याने काही वावगे केले नाही त्याला भय कसले, हा शेवटचा टोला असतोच.

हे उत्तर ऐकावयास बिनतोड वाटते. तथापि आपल्याच भाषेला अधिक विचारले, तर ती निराळे सांगते. दिसणे, पाहणे आणि पाळत ठेवणे ही तीन क्रियापदे मराठीने वेगळी ठेवली आहेत. पानवाल्याला जो दिसतो त्याच्याविषयी पानवाल्याच्या मनात काही नसते; गिऱ्हाईक आले की तो विसरतो. पापड वाळत घालणारी बाई क्षणभर पाहते, आणि फार तर शेजारणीला सांगते. पाळत ठेवणारा मात्र विसरत नाही, कारण न विसरणे हेच त्याचे काम. पानवाला, दुकानदार आणि गच्चीवरील बाई या तिघांनी पाहिलेले तीन तुकडे एकत्र शिवून त्यांचा एक सलग पट कोणी केला, तर त्या पटावर जे दिसेल ते तिघांपैकी एकालाही दिसलेले नसते. अमुक माणूस दर मंगळवारी दुपारी एका विशिष्ट दवाखान्यात जातो. तेथून निघून सावकाराकडे जातो. आणि घरी मात्र उशिरा पोचतो. यांतील प्रत्येक गोष्ट रस्त्यावर, उघड्यावर घडलेली आहे. एकत्र केल्यावर मात्र ती त्याने बायकोलाही न सांगितलेली गोष्ट होते.

या पटाला नाव द्यावयाचे तर ‘माग’ हाच शब्द योग्य. बऱ्हाणपूर हे कापडाचे गाव; येथे माग म्हटले की आधी यंत्रमागाचा खडखडाट कानी येतो. पण दुसरा माग, म्हणजे पावलांचा माग, हाही आपल्याकडे जुनाच आहे, आणि त्याचे नियम पाहण्यासारखे होते. १८१९ साली एल्फिन्स्टनने पेशव्यांकडून जिंकलेल्या मुलखाविषयी जो अहवाल लिहिला, त्यात गावोगावच्या पहारेकऱ्यांची ही रीत नोंदलेली आहे. गावात चोरी झाली की जागल्याने चोराच्या पावलांचा माग काढीत शिवेपर्यंत जावे. तेथे तो माग पुढच्या गावाच्या जागल्याच्या हवाली करावा. त्याने तो आपल्या शिवेबाहेर काढून दाखवावा. आणि ज्या गावात माग हरवेल त्या गावाने चोरीच्या मालाची भरपाई करावी. या व्यवस्थेत कडकपणा होता, अन्यायही होत असेल. पण तिचा क्रम ध्यानात घेण्याजोगा आहे. आधी चोरी, मग माग. ज्या रात्री चोरी झाली नाही, त्या रात्रीच्या पावलांशी कोणाला कर्तव्य नसे; वारा आणि गुरे ती पुसून टाकीत.

आजच्या यंत्राने हा क्रम उलटा केला आहे. आधी सर्वांचा माग काढून ठेवावयाचा, आणि पुढे चोरी झालीच तर त्यातून चोर निवडावयाचा.

हा उलटा क्रम अगदी नवा आहे, असे म्हणणे मात्र बऱ्हाणपुरात बसून शोभणार नाही. १६०१ साली असीरगड पडला आणि खानदेश मोगलांकडे गेला. त्या मोहिमेत जो अबुल फझल स्वतः होता, त्यानेच ‘ऐन-ई-अकबरी’त शहर कोतवालाची कर्तव्ये लिहून ठेवली आहेत. कोतवालाने घरांची व वर्दळीच्या रस्त्यांची नोंदवही ठेवावी. शहराचे मोहल्ले पाडून प्रत्येकावर एक हुशार माणूस नेमावा. मोहल्ल्यात कोण आले व कोण गेले याचा रोजचा अहवाल त्याच्या शिक्क्यानिशी घ्यावा. शिवाय त्याच वस्तीतील एखादा सामान्य माणूस, त्या प्रमुखाला नकळत, हेर म्हणून ठेवावा. अनोळखी वाटसरूंसाठी निराळी सराई असावी, म्हणजे त्यांच्यावर नजर ठेवणे सुकर होईल. मोगल काळातील अकबरी सराई बऱ्हाणपुरात अजून आहे. तिची कमान पाहताना विसाव्याची आठवण व्हावी हे स्वाभाविक. पण विसावा आणि नजर या दोन गोष्टी राज्यकर्त्यांनी एकाच छपराखाली ठेवल्या होत्या. तरीही कोतवालाची शक्ती कागद, शाई आणि माणसांची झोप यांनी मर्यादित होती. मोहल्ल्याचा प्रमुख आजारी पडे, हेर पैसे खाई, वही वाळवी खाई. त्या काळच्या माणसाच्या स्वातंत्र्याचे रक्षण कायद्यापेक्षा वाळवीने अधिक केले असावे.

इंग्रजांनी हीच गोष्ट अधिक पद्धतशीर केली. १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने, आणि १९११ व १९२४ च्या सुधारित कायद्यांनी, काही जमातींत जन्मलेल्या माणसांची नावनोंदणी करून त्यांच्या हालचालींवर बंधने घातली. हजेरी हा शब्द शाळेतील मुलांना पट आणि शिक्षक यांची आठवण देतो. त्या जमातींतील कित्येक पिढ्यांना तो चौकीची आठवण देत असे. नेमलेल्या वेळी हजेरी द्यावयाची, दुसऱ्या गावी जावयाचे तर परवाना घ्यावयाचा, आणि हे सर्व कोणताही गुन्हा शाबीत न होता, केवळ जन्मामुळे. हा कायदा १९५२ साली रद्द झाला. ठावठिकाण्याच्या नोंदीचे ओझे सर्वांवर सारखे पडत नाही, हे त्या इतिहासातून जितके स्पष्ट दिसते तितके दुसऱ्या कशातून दिसत नाही.

कायदा गेला तरी पोलिसांच्या नियमपुस्तकांतील पाळतीची कलमे राहिली, आणि तेथून प्रकरण न्यायालयात गेले. उत्तर प्रदेशातील खरकसिंग या इसमावर १९४१ साली दरोड्याचा आरोप आला होता, पण पुरावा नसल्यामुळे तो सुटला. तरी पोलिसांनी त्याची हिस्ट्रीशीट उघडली. रात्री-बेरात्री घरी येऊन दार ठोठावणे, घरावर गुप्त पहारा, तो गावाबाहेर गेला की त्याची वर्दी पुढच्या ठाण्याला देणे, असे चालू झाले. १८ डिसेंबर १९६२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला. रात्री घरी येणे बेकायदा ठरले. परंतु त्याच्या येण्याजाण्यावरील पाळत बहुमताने कायम ठेवण्यात आली. खाजगीपणा हा राज्यघटनेने दिलेला हक्क नाही, असे कारण दिले गेले. म्हणजे उंबरठ्याच्या आत संरक्षण, बाहेर नाही. न्यायमूर्ती सुब्बा राव यांनी मात्र न्यायमूर्ती शाह यांच्यासह वेगळे मत नोंदविले. पोलिसांच्या डोळ्यांखाली चालणाऱ्या माणसाच्या पायांत बेडी नसली, तरी त्याच्या चालण्याला मोकळेपणा कसा म्हणावा, त्याला तर सारा देशच तुरुंग होतो, अशा अर्थाचा त्यांचा युक्तिवाद होता. त्या वेळी तो अल्पमतात राहिला.

पुढचे प्रकरण मध्यप्रदेशचे. मध्यप्रदेश पोलीस नियमावलीतील ८५५ व ८५६ या नियमांखाली गोविंद नावाच्या गृहस्थावर पाळत बसविण्यात आली होती. त्याच्या तक्रारीचा तपशील वाचला की गाव डोळ्यांसमोर उभे राहते. पोलीस दिवसा-रात्री घरी येतात. घराकडे येणाऱ्या वाटांवर गुप्तपणे पहारा ठेवतात. पाटील त्याच्यावर नजर ठेवतो. दुसऱ्या गावी जावयाचे तर आधी पाटलाला वा ठाण्याला कळवावे लागते. आणि गावात पोलीस अधिकारी आला की तो असेपर्यंत याने त्याच्याबरोबर हिंडावयाचे. १८ मार्च १९७५ रोजी न्यायमूर्ती मॅथ्यू यांनी निकालपत्र दिले. त्यांनी नियम रद्द केले नाहीत, पण ते घटनाबाह्यतेच्या अगदी काठावर उभे आहेत असा इशारा दिला, आणि त्यांचा अर्थ आवळून घेतला. सार्वजनिक शांततेला वा सुरक्षिततेला खरोखरच धोका असलेल्या माणसापुरतीच पाळत असावी; केवळ पूर्वी शिक्षा झाली आहे म्हणून ती बसवू नये. खाजगीपणाचा हक्क असू शकतो, असे गृहीत धरूनच हा विचार झाला होता. तेरा वर्षांत न्यायालय उंबरठ्यावरून एक पाऊल बाहेर आले होते.

दुसरे पाऊल पडावयास बेचाळीस वर्षे लागली. २४ ऑगस्ट २०१७ रोजी नऊ न्यायमूर्तींनी एकमताने सांगितले की खाजगीपणा हा घटनेने दिलेला मूलभूत हक्क आहे. आणि खरकसिंग प्रकरणातील त्याविरुद्धचे मत चुकीचे होते. न्यायमूर्ती धनंजय चंद्रचूड यांच्या निकालपत्रात व्यवहारी माणसाच्या त्या चव्हाट्याच्या युक्तिवादालाच उत्तर आहे. माणूस सार्वजनिक जागी आला एवढ्यावरून त्याचा खाजगीपणा संपत नाही. कारण खाजगीपणा जागेला नव्हे, माणसाला चिकटलेला असतो. पंचावन्न वर्षांपूर्वीचे सुब्बा रावांचे अल्पमत अशा रीतीने घरी परतले.

दूरदेशीही हीच वाट चालून झाली आहे. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयापुढे १९८३ साली एक प्रकरण आले. रसायनाच्या पिंपात पोलिसांनी संदेश देणारे यंत्र लपवून गाडीचा पाठलाग केला होता. रस्त्यावरील प्रवासात खाजगीपणाची अपेक्षा धरता येत नाही, असे तेव्हा ठरले. २०१२ साली गाडीखाली जीपीएस लावून २८ दिवस माग काढल्याचे प्रकरण आले, तेव्हा न्यायालय अस्वस्थ झाले. आणि २०१८ साली एका आरोपीच्या फोनच्या १२७ दिवसांच्या टॉवर-नोंदी, एकूण १२,८९८ ठिकाणे, पोलिसांनी न्यायाधीशाच्या वॉरंटाशिवाय मिळविल्याचे प्रकरण आले, तेव्हा पाचास चार मतांनी ते चुकीचे ठरले. एक फेरी आणि चार महिन्यांचा पट यांत जातीचाच फरक आहे, ही गोष्ट तेथे आकड्यांनी पटविली.

नाव काढून टाकले की धोका जातो, असेही काही कंपन्या सांगतात. २०१३ साली संशोधकांनी १५ लाख माणसांच्या पंधरा महिन्यांच्या नावाविना असलेल्या फोन-नोंदी तपासल्या. चार वेळची चार ठिकाणे माहीत असली, की शंभरांतील पंचाण्णव माणसे इतरांपासून वेगळी ओळखता आली. यात नवल नाही. रात्री अमुक गल्लीत, सकाळी अमुक कारखान्यात, दुपारी अमुक शाळेच्या फाटकाशी आणि रविवारी अमुक प्रार्थनास्थळात असणारा माणूस साऱ्या शहरात एकच असतो. त्याच्या नावाची गरजच उरत नाही.

आता प्रश्न निर्माण होतो की हे पट कोणाच्या हाती असतात. सरकारचे नाव प्रथम ओठांवर येते, आणि ते योग्यही आहे. परंतु दोन उदाहरणे अशी आहेत की ज्यांत धोका निराळ्या दिशेने आला. २०१३ साली राज्यसभेतील तेव्हाचे विरोधी पक्षनेते अरुण जेटली यांच्या फोनच्या नोंदी बेकायदा काढल्याबद्दल दिल्लीत एका पोलीस शिपायाला अटक झाली. आणि २०१८ साली ठाणे पोलिसांनी अशा नोंदी विकण्याचा धंदा उघडकीस आणला, त्यात खाजगी गुप्तहेरांना अटक झाली. गिऱ्हाईक कोण? बहुधा नवऱ्यावर वा बायकोवर संशय घेणारे, भागीदारावर डोळा ठेवणारे. म्हणजे राज्याच्या रक्षणासाठी साठविलेला माग बाजारात घरगुती भांडणांसाठी विकला जाऊ शकतो. वही आहे म्हटल्यावर ती वाचण्याची किल्ली कोणीतरी विकणारच.

दुसरे उदाहरण नागपूरचे. १९५६ पूर्वीच्या मध्यप्रदेशची राजधानी नागपूर होती आणि निमाड जिल्ह्याचा कारभार तिकडूनच पाहिला जात असे; तेव्हा हे शहर बऱ्हाणपूरकरांना परके नाही. २०१८ च्या सुमारास तेथील महानगरपालिकेने सफाई कामगारांना जीपीएस असलेली मनगटी घड्याळे दिली. कामगार नेमून दिलेल्या टापूत आहे की नाही हे घड्याळ सांगे, आणि त्यावर हजेरी व पगार ठरे. हेतू वाईट नव्हता. कामावर न येता पगार घेणारे, दुसऱ्याला पाठविणारे लोक सर्वत्र असतात, आणि शहर स्वच्छ राहावे असे सर्वांनाच वाटते. परंतु घड्याळ बिघडले की काम करूनही हजेरी बुडते, अशी तक्रार कामगारांकडून आली. आणि काही प्रश्न तक्रारीवाचूनही उभे राहतात. झाडू मारताना स्त्री कामगाराला आडोशाला जावयाचे झाले, तर नकाशावरचा तो ठिपका कोण पाहत असतो? पाळी संपल्यावर घड्याळ काढून ठेवता येते की नाही? चहाला बसलेला माणूस ठिपक्यावरून चहाला बसलेला दिसतो की कामचुकार? झाडलेला रस्ता मुकादमाला डोळ्यांनी दिसतो. ठिपक्याला झाडू दिसत नाही. पाळतीचे नवे यंत्र प्रथम कोणाच्या अंगावर बसते हे पाहिले, तर गुन्हेगार जमातींच्या हजेरीपासून येथवर एक अखंड धागा दिसतो. ज्याला नकार देणे परवडत नाही, त्याच्यावर ते प्रथम बसते.

एवढे सांगून ठावठिकाण्याचे यंत्रच टाकून द्या म्हणणे मात्र शहाणपणाचे नव्हे. अपघातात सापडलेला माणूस ११२ क्रमांकाला हाक मारतो, तेव्हा त्याला आपण कोठे आहोत हे सांगता येतेच असे नाही. त्या वेळी फोनने जागा सांगावी हेच उचित. दिल्लीतील डिसेंबर २०१२ च्या भीषण घटनेनंतर प्रवासी वाहनांच्या सुरक्षिततेचा विचार झाला, आणि १ जानेवारी २०१९ पासून नोंदल्या जाणाऱ्या नव्या सार्वजनिक प्रवासी वाहनांत ठावठिकाणा दाखविणारे यंत्र व संकटसूचक बटण बसविणे आवश्यक झाले. रात्रीच्या मोटारीने एकटी येणारी मुलगी आणि घरी वाट पाहणारे आईबाप यांना त्याचे मोल विचारावे. पण येथे एक भेद आहे. मोटार कोठे आहे हे जगाला कळणे निराळे, आणि मोटारीतील तिसऱ्या बाकावर कोण आहे हे कळणे निराळे. पहिल्याने सर्वांची सोय होते. दुसऱ्यासाठी कारण सांगावे लागले पाहिजे.

कारण सांगावे लागते, हे न्यायालयाने अलीकडेच पुन्हा बजावले. अमली पदार्थांच्या खटल्यातील एका परदेशी आरोपीला जामीन देताना दिल्ली उच्च न्यायालयाने अट घातली होती की त्याने गूगलच्या नकाशावर आपल्या जागेची खूण लावावी आणि ती तपास अधिकाऱ्याला दिसत राहावी. ८ जुलै २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या न्यायमूर्ती अभय ओक व उज्ज्वल भुयान यांनी ती अट रद्द केली. जामिनावरील माणसाच्या प्रत्येक हालचालीवर पोलिसांना सतत नजर ठेवता यावी, अशी अट त्याच्या खाजगीपणाच्या हक्काविरुद्ध आहे, असे त्यांनी म्हटले. आरोपी गंभीर गुन्ह्याचा होता, परदेशी होता, पळून जाण्याची भीती होती. असे असूनही त्याच्याविषयी हे ठरले; मग ज्याच्यावर आरोपच नाही अशा वाटसरूची बाजू किती बळकट झाली, याचा हिशेब वाचकाने मांडावा. १९६२ ते २०२४ या प्रवासात गाडी उलट दिशेला धावू लागली आहे. वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा २०२३ साली झाला आणि त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आले. काय माहिती कशासाठी घेतो हे कंपन्यांनी सांगावे, संमती घ्यावी, काम संपल्यावर ती पुसावी, असे त्यात आहे. सरकारी यंत्रणांना मात्र अधिसूचनेने सूट देण्याची मोठी मोकळीक त्याच कायद्यात ठेवली आहे. आणि गोविंदचा पाटील नेमका त्याच बाजूला उभा होता.

राहता राहिला घरच्या घरी करावयाचा उपाय. फोनच्या सेटिंगमध्ये लोकेशन नावाचा भाग असतो. तेथे कोणत्या ॲपला जागा कळते याची यादी मिळते. नकाशाला ‘वापरात असतानाच’ एवढी परवानगी पुरते. खेळाला आणि बॅटरीच्या उजेडाला तीही लागत नाही. घरात नव्या पिढीचे कोणी असेल तर पाच मिनिटांत हे काम होते, आणि यादी पाहून बहुतेकांना आश्चर्य वाटते. टॉवरची नोंद मात्र या बटणाने थांबत नाही. तिच्यावर एकच उपाय, फोन बंद करणे. आणि मग तो फोन कशाला घेतला, असे घरची माणसे विचारतात. रावेरचा बाजार उरकून केळीचा व्यापारी संध्याकाळच्या मोटारीने परत निघतो. बागा मागे पडतात, बऱ्हाणपूरचे दिवे दिसू लागतात, आणि त्याच्या खिशातील फोन, तो झोपेत असताना, पुन्हा मध्यप्रदेशच्या टॉवरला आपले नाव सांगतो.